जमीन पिवळी झाली, घराचे काय?



घरावरचे महाग कर्ज फेडून तेच कर्ज कमी व्याजाने दुसऱ्या बँकेत न्यावे, असे बऱ्याच सभासदांच्या मनात आहे. हिशेब सरळ आहे. दहा लाख बाकी आणि बारा वर्षे मुदत धरली, तर १३ टक्क्यांनी महिन्याचा हप्ता सुमारे १३,७५० रुपये पडतो, ९ टक्क्यांनी ११,४०० च्या आत. महिन्याला २,३०० रुपये वाचले, तर कुणाला नकोत?

आपले एक सभासद हाच हिशेब घेऊन बँकेत गेले आणि हात हलवत परत आले. त्यांच्या परवानगीने, नाव न घालता, हकीकत देत आहोत.

घर २०११ साली स्वतःच्या गटात, गावठाणाबाहेर बांधलेले. ग्रामपंचायतीत नमुना आठला नोंद, घरपट्टी वेळेवर. कर्ज पतसंस्थेचे. पतसंस्थेने माणूस पाहिला, ऊसबिलातून कपातीचे पत्र घेतले आणि पैसे दिले. पुढे वस्ती नगरपंचायतीच्या हद्दीत गेली, विकास आराखडा मंजूर झाला आणि शेती विभागातला त्यांचा हिरवा गट नकाशावर पिवळा, म्हणजे निवासी झाला. “आता घर कायदेशीरच झालं की!” असे ते म्हणाले. खरे सांगायचे तर आम्हालाही तसेच वाटले होते.

बँकेच्या वकिलांनी फाईल चाळून विचारले, बांधकाम परवानगी कुठे आहे? मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र? नमुना आठ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा नाही आणि परवानगीचा तर नाहीच. झोन बदलतो तो जमिनीचा. त्या जमिनीवर इथून पुढे काय बांधता येईल, एवढेच तो सांगतो. आधी विनापरवाना उभे राहिलेले घर त्याने आपोआप नियमित होत नाही.

बँक एवढी का बिचकते, तेही समजून घ्यावे. थकबाकीदाराचे तारण कोर्टात न जाता ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्याने दिला आहे. पण त्याच कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे शेतजमिनीच्या तारणाला तो लागू होत नाही. कायदा आपल्या जमिनीचे रक्षण करतो, चांगलेच आहे. पण त्यामुळेच शेतजमिनीवरच्या घराला गृहकर्ज द्यायला बँक तयार नसते.

आराखडा लागू झालेल्या भागात, २०१४ पासूनच्या दुरुस्त्यांमुळे, बिनशेतीचे काम पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. तरी सरकारी भरणा करून सात-बारावर तशी नोंद व्हावी लागते. घर नियमित करण्याचा अर्ज वेगळा. तो परवानाधारक वास्तुविशारदामार्फत नगरपंचायतीत करायचा. समास अंतर, रस्त्याची रुंदी नियमात बसली, तरच शुल्क भरून काम होते. आपल्या सभासदांचे घर बसते, गोठा बसत नाही. आराखड्यातला नवा रस्ता नेमका गोठ्यावरून गेला आहे.

हे टळले असते की नाही, सांगता येत नाही. पण हरकत घेता आली असती. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकतीसाठी ३० दिवस मिळतात. ते दिवस ऐन तोडीचे होते. टोळी दारात, ट्रॅक्टर खेपेवर. नोटीस कोण वाचणार? आरक्षण पडलेल्या जमिनीसाठी नगररचना कायद्याच्या कलम १२७ ची वाट आहे, पण ती लांबची. अंतिम आराखडा अंमलात येऊन दहा वर्षे झाल्यावर नोटीस द्यायची, मग २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण सुटते. तोवर बँकेचे दार बंदच समजा.

आणखी एक पंचाईत सात-बारावर निघाली. इतर हक्कात विकास सोसायटीच्या पीककर्जाचा इकरार होता. घराच्या जागेवर नव्या बँकेला पहिला बोजा आपला हवा. तेव्हा मोजणी करून घराचे क्षेत्र वेगळे काढणे आणि तेवढ्यापुरती सोसायटीची ना-हरकत घेणे आले.

जुन्या कर्जाचेही विचारून ठेवावे. बदलत्या व्याजाचे गृहकर्ज मुदतीआधी फेडले तर बँक दंड लावू शकत नाही. पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद द्यावे लागतात. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या नियमनात येत नाहीत. तिथे पोटनियम पाहावा, बेबाकी दाखला लेखी घ्यावा आणि बोजा कमी झाल्याचा फेरफार स्वतः जाऊन पाहावा.

आपल्या सभासदांची मोजणी झाली आहे, नियमितीकरणाचा अर्ज नगरपंचायतीत आहे. हप्ता अजून जुन्याच दराने, ऊसबिलातून जातो आहे. ज्यांचे घर आराखड्याच्या हद्दीत आले आहे, त्यांनी बँकेत जाण्याआधी गट नंबर घेऊन झोन दाखला आणि भाग नकाशा काढावा. गोठा कुठे येतो, तेही त्यात बघून घ्यावे.