किल्ल्यावर ओतलेली घागर

ये, जवळ बस. दिवाळीत अंगणात आपण शिवनेरी केला होता, आठवतो ना? कोरड्या मातीचा कडा काही केल्या उभा राहीना. माती ओली करून थापली, तसा राहिला. मातीच्या कणांमध्ये पाण्याचा बारीकसा पदर बसतो आणि तोच त्यांना धरून ठेवतो. मग धाकट्यानं वरून अख्खी घागर ओतली अन् किल्ला बसला. पाणी तेच. पण कणांमधल्या सगळ्या फटी भरल्या, की ते धरत नाही, ढकलतं.

आपल्या जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेचे डोंगर असेच. खाली काळा कातळ, त्यावर कातळ झिजून झालेला मुरूम, वर माती. पाणी मुरमातून झिरपतं आणि कातळाशी अडतं. झड लागली, पाऊस थांबेचना, की वरचा थर जड होतो आणि खालची पकड सुटते. हिमालयात बर्फाचंही असंच. जुन्या बर्फात एखादा भुसभुशीत थर असतो, त्यावर रातोरात नवं बर्फ साठतं आणि अख्खा उतार एका दमात निसटतो. तिकडे ते हिमस्खलन, आपल्याकडे दरड.

३० जुलै २०१४, बुधवार. नागपंचमी दोन दिवसांवर आलेली. आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर सकाळी डोंगर आला. एसटी घेऊन गेलेल्या चालकाला गावच दिसेना. त्यानं खबर दिली तेव्हा बाहेर कळलं. १५१ माणसं गेली, बाळा. एक आई आणि तिचं तान्हं बाळ चिखलातून जिवंत निघालं, ते ऐकून त्या दिवशी तालुका रडला. वाचलेल्यांसाठी आमडे इथं नवं माळीण उभं राहिलं, २०१७ साली.

डोंगर का पडला, यावर पुष्कळ वाद झाले. मला विचारशील तर पाऊस होताच. पण उतार यंत्रानं कापायचा, झाडं तोडायची, पाण्याच्या वाटा बुजवायच्या, हे त्या घागरीत आपणच भर घालणं आहे.

दरड सुटण्याआधी डोंगर पुष्कळदा खुणा देतो. जमिनीला नवी भेग पडते. झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होतं, नाहीतर आटतं. झाडं, विजेचे खांब कलतात. घराचं दार चौकटीत अडकू लागतं. यातली एक जरी खूण दिसली, तरी गुरांची दावी सोड, शेजाऱ्यांना हाका मार आणि ओढ्याची वाट टाळून उतारापासून बाजूला निघ. रात्र असली तरी, पाऊस असला तरी.