चालून ब्लॉकेज जातं का?

अँजिओप्लास्टी झालेले काका पहिल्यांदा ट्रेडमिलवर चढले की दांडा असा आवळतात की बोटांची पेरं पांढरी पडतात. मी रागावते, "काका, भार दांड्यावर नको, पायांवर द्या." मग दोन प्रश्न ठरलेले. चालून ब्लॉकेज विरघळेल का? आणि, "मॅडम, आमच्या घराण्यातच आहे हे. जीन्सपुढे कुणाचं काय चालतं?"

ब्लॉकेज सहसा विरघळत नाही. पण जीन्सपुढे बरंच काही चालतं.

रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकच पातळ थर असतो, एंडोथेलियम. रॉबर्ट फर्चगॉट यांनी 1980 साली सशाच्या महाधमनीवर दाखवलं, की हा थर शाबूत असेल तर असिटिलकोलीन या द्रव्याने वाहिनी सैलावते. तो खरवडला गेला असेल तर सैलावत नाही. म्हणजे वाहिनी सैल करणारं रसायन या थरातूनच सुटतं; ते निघालं नायट्रिक ऑक्साइड, चक्क एक वायू! 1998चं नोबेल या कामाला मिळालं.

आपण झपझप चालतो तेव्हा हृदयाच्या वाहिन्यांतून रक्त जोरात धावतं आणि त्या थराला घासत जातं. पेशींना हे घर्षण कळतं. रोज कळत राहिलं, की नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या एन्झाइमचं जनुक त्या जास्त वेळा वाचू लागतात. जनुक तेच, वडिलांकडून आलेलं, वाचन वाढलं. 1994 साली कुत्र्यांना 10 दिवस पळवून हे दिसलं होतं.

माणसात कसं बघणार? नुसतं तपासायला म्हणून जिवंत माणसाच्या हृदयाची धमनी कोण कापून देईल? जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये राइनर हाम्ब्रेख्ट यांच्या गटाने नामी वाट काढली. बायपासची वाट पाहणाऱ्या काही रुग्णांकडून चार आठवडे व्यायाम करून घेतला, काहींकडून नाही. बायपाससाठी छातीतली एक धमनी वापरतातच. तिचाच छोटा तुकडा तपासला. 2003 साली निष्कर्ष आले: व्यायाम केलेल्यांत ते एन्झाइम सुमारे दुप्पट, आणि त्याचं कामाला जुंपलेलं रूप जवळपास चौपट. ही धमनी छातीतली, हृदयावरची नव्हे, हे खरं. पण त्याआधी 2000 साली याच गटाने हृदयाच्या धमन्यांतही चार आठवड्यांत सुधारणा नोंदवली होती.

काकांना मी हे सगळं ऐकवते, आणि पुढचं जरा आवाज चढवूनच: व्यायाम सुटला की हा फायदा काही आठवड्यांत ओसरतो. लग्नसराई आली की आमच्याकडची हजेरी निम्मी होते, म्हणून. आणि लाइपझिगचे रुग्ण देखरेखीखाली व्यायाम करत होते. तेव्हा चालताना छातीत दाटलं तर तिथेच थांबायचं, फेरी पुरी करायच्या भानगडीत पडायचं नाही.