उडत्या जिवांची शिरगणती

१ सप्टेंबर २०१६. टांझानियाच्या किलोम्बेरो खोऱ्यातील लुपिरो या खेड्यावर भर दिवसा उजेड मंदावू लागला. कंकणाकृती सूर्यग्रहण लागले होते. गावालगत लेझरची एक शलाका अर्धा किलोमीटर लांबवर सोडलेली होती. माणसाच्या डोळ्याला ती दिसत नव्हती. पण तिला ओलांडणाऱ्या कीटकांची नोंद संगणकात उमटत होती. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातील मिकेल ब्रुडेगॉर्ड आणि त्यांचे सहकारी टांझानियातील इफाकारा आरोग्य संस्थेच्या संशोधकांसह मलेरियाच्या डासांचा माग काढत होते.

पाच रात्री, चार दिवस आणि एक ग्रहण. एवढ्या अवधीत तीन लाखांहून अधिक नोंदी जमल्या. डास संध्याकाळी बाहेर पडतात ते शरीरातल्या घड्याळाच्या सांगण्यावरून, की उजेड ओसरला म्हणून? एरवी या दोन गोष्टी एकत्रच घडतात, त्यामुळे वेगळ्या काढता येत नाहीत. ग्रहणाने त्या वेगळ्या करून दिल्या. घड्याळ दिवस सांगत असताना उजेड उतरला, तेव्हा हवेतली वर्दळ वाढली आणि ती वाढ डासांची होती. २०२० मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मलेरिया आजही जगात दरवर्षी सुमारे सहा लाख बळी घेतो. डास नेमके केव्हा आणि कुठे उडतात हे कळणे तिथे जीवनमरणाचे असते.

सापळ्याला न दिसणारे

कीटक मोजायचे म्हणजे आधी पकडायचे, हीच आजवरची रीत. आपला कापूस उत्पादक शेतकरी कामगंध सापळा लावतो. त्यात गुलाबी बोंडअळीचे फक्त नर पतंग सापडतात, कारण आतला गंध मादीचा असतो. प्रकाश सापळ्यात उजेडाकडे झेपावणारेच येतात. किती कीटक भुलले हे सापळा सांगतो. हवेत एकूण किती होते, ते त्याला ठाऊक नसते.

तरीही सापळ्यांनीच आपल्याला जागे केले. जर्मनीतील क्रेफेल्डच्या कीटकप्रेमी मंडळाने ६३ संरक्षित क्षेत्रांत तंबूसारखे सापळे लावून, सापडलेले कीटक वर्षानुवर्षे तोलले. २०१७ मध्ये निष्कर्ष आला: २७ वर्षांत उडत्या कीटकांचे वजन ७६ टक्क्यांनी घटले होते. राखीव रानांतली ही गत, तर शेतशिवारांत काय असेल? हे जाणायचे तर अनेक ठिकाणी, रात्रंदिवस आणि शक्यतो जीव न घेता मोजावे लागेल.

उन्हाची तिरीप

कौलातल्या फटीतून उन्हाची तिरीप घरात उतरते, तेव्हा एरवी न दिसणारे धुळीचे कण तिच्यात चमकू लागतात. लुपिरोतल्या लेझर तंत्राचे मूळ तत्त्व तेवढेच आहे. लेझर ही तिरीप आणि कीटक हा कण. तो शलाकेत शिरला की थोडा प्रकाश परत फिरतो आणि दुर्बिणीतून संवेदकावर पडतो.

पण तो किती दूर होता, हे कसे कळावे? लेझरने अंतर मोजणाऱ्या नेहमीच्या यंत्रात, म्हणजे लायडारमध्ये, प्रकाशाचे क्षणिक स्पंद सोडून ते परतायला लागलेला वेळ मोजतात. लुंडच्या गटाने वेगळी वाट धरली. ऑस्ट्रियाचे टेओडोर शाइम्पफ्लुग यांनी हवाई छायाचित्रणासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी एक नियम वापरला होता: भिंग आणि छायापटल एकमेकांशी तिरपे ठेवले, तर तिरके पसरलेले दृश्यही जवळपासून दूरवर स्पष्ट उमटते. त्यानुसार संवेदक तिरपा बसवला की त्यावरचा प्रत्येक बिंदू शलाकेच्या ठरावीक टप्प्यावर नजर ठेवतो. लेझर अखंड चालू राहतो, स्वस्त डायोडवर भागते आणि सेकंदाला हजारो नोंदी घेता येतात.

या वेगातच सगळे मर्म आहे. कीटकाच्या शरीरावरून येणारा प्रकाश संथ असतो, पंखांवरून येणारा लुकलुकतो. मधमाशी सेकंदाला सुमारे २३० वेळा पंख हलवते, अनेक फुलपाखरे दहाच्या आसपास, तर डास कित्येक शे वेळा. डासांत नराची गती मादीहून जास्त असते. म्हणून चावणारी मादी वेगळी ओळखण्याची आशा असते. कानाजवळची ती गुणगुण इथे प्रकाशातून वाचली जाते.

अमेरिकेत लायडारचा उपयोग भूसुरुंग शोधण्यासाठीही करून पाहिला गेला. स्फोटकांच्या वासाची सवय लावलेल्या मधमाश्या सुरुंगावर घुटमळतात. मोंटाना स्टेट विद्यापीठातील जोसेफ शॉ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये त्यांचा ठाव लायडारने घेतल्याचे दाखवले. गवताच्या पात्यावरून आणि मधमाशीवरून परतणारा प्रकाश वेगळा ओळखायला पुढे पंखांची हीच लय कामी आली.

नाव कोण सांगणार?

अनेक जातींच्या पंखांची गती एकमेकींत मिसळते, तापमानाबरोबर ती बदलते आणि कीटक कोणत्या कोनातून गेला यावरही नोंद अवलंबून असते. दाट धुके, पाऊस यांत शलाका निरुपयोगी ठरते. नर-मादी किंवा कुळापर्यंत पोचता येते. जातीचे नाव हवे तर हातात जाळी आणि डोळ्याला सूक्ष्मदर्शक लागतोच. लेझर आला म्हणून कीटकांचे वर्गीकरण शिकवणे सोडून द्यायचे, ही चूक आपण करू नये.

आपल्याकडे हे तंत्र अगदीच परके नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत १९८० च्या दशकापासून लायडारने हवेतले सूक्ष्मकण मोजले गेले. गरजही आहे: मे २०२० मध्ये टोळधाड विदर्भात उतरली, आणि बोंडअळीचा रात्री उडणारा पतंग दरसाल कपाशीवर येतोच. कृषी विद्यापीठे, भौतिकशास्त्राचे विभाग आणि कीटकतज्ज्ञ यांनी एकत्र बसून सापळ्याशेजारी अशी एखादी शलाका उभारावी, आणि हे मोजणे वर्षानुवर्षे चालू ठेवावे.

क्रेफेल्डची २७ वर्षे कधीतरी सापळ्याच्या पहिल्या बाटलीपासूनच सुरू झाली होती. आपली पहिली नोंद या वर्षी व्हावी.