उमेदवार एकच, मग मतदान कशाला?

ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली, की कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पाळी सुटल्यावर चहाच्या गाड्यांवर एक विषय हमखास निघतो : यंदा गाव बिनविरोध करायचे का? फौंड्रीत तापून आलेला माणूस म्हणतो, बरेच झाले; भांडण नको, खर्च नको, कामाचा खाडा नको. त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण आम्हांला यावरून रशियाची आठवण होते.

सोव्हिएत युनियनमध्ये 12 डिसेंबर 1937 रोजी सुप्रीम सोव्हिएतची निवडणूक झाली. प्रत्येक जागेस एकच उमेदवार. गंमत म्हणजे मतपत्रिकेवर सूचना होती, एक नाव ठेवा, बाकीची खोडा! बाकीची होतीच कुठे? तरीही पुढे पन्नास वर्षे त्या देशात मतदान होत राहिले आणि आकडा नव्याण्णव टक्क्यांच्या घरात जाई. मतदान केंद्रावर एरवी न मिळणारी संत्री, सॉसेज विकायला ठेवीत. बायाबापड्या त्यासाठीही जात.

निकाल ठरलेला असताना हा खटाटोप का? एक तर हजेरी घेण्यासाठी. कोण आला नाही, हे सरकारला कळे. नाव खोडायचे तर पडद्याआड जावे लागे; जो आड गेला तो नजरेत भरला. पूर्व जर्मनीत तर लोक मतदानाला 'कागद घडी करणे' असेच म्हणत. दुसरे, जगाला दाखवायला. तिसरे कारण आम्हांला महत्त्वाचे वाटते : गाऱ्हाणी ऐकण्याची ती एक संधी होती. छप्पर गळते, दुरुस्त करा, नाहीतर मताला येणार नाही, असे लोक प्रचारकाला बजावीत, आणि कधीकधी छप्पर दुरुस्तही होई. म्हणजे त्या खोट्या मतालाही थोडी किंमत होती.

पुढे तेच मत राज्यकर्त्यांच्या अंगाशी आले. मार्च 1989 मध्ये लेनिनग्राडचे पक्षप्रमुख सोलोव्ह्योव एकटेच उभे होते, तरी पडले! लोकांनी त्यांचे नाव खोडले. त्याच वर्षी 7 मे रोजी पूर्व जर्मनीत स्थानिक निवडणुका झाल्या. सरकारने 98.85 टक्के पाठिंबा जाहीर केला, पण काही नागरिक मतमोजणीला बसून आकडे टिपत होते. लबाडी उघडी पडली. नोव्हेंबरात बर्लिनची भिंत कोसळली.

आता आपल्याकडे पाहा. आपल्या कायद्यात एकच अर्ज उरला, की मतदानच होत नाही. उमेदवार निवडून आल्याचे जाहीर होते. रशियातल्या मतदाराला निदान नाव खोडता येत होते! बिनविरोध गावात ती सोयही नाही. जानेवारी 2021 मध्ये उमराणे (जि. नाशिक) आणि खोंडामळी (जि. नंदुरबार) येथे पदांचा लिलाव झाल्याने राज्य निवडणूक आयोगाने तिथल्या निवडणुकाच रद्द केल्या. देवळाला देणगी म्हणून बोली लावली, तरी तो सौदाच. आणि असल्या बैठकीत बोली लावायला आपल्या वस्तीतला माणूस कुठून पैसे आणणार? राखीव जागा असली, तरी होकार देणारा कोण शोधायचा, हे गावातले चारजण ठरवतात. अर्ज मागे घे म्हणून सांगायला येतात, तेही रात्री आणि घरी. घरातल्या बाईला तर विचारीतही नाहीत.

बाबासाहेबांनी 22 डिसेंबर 1952 रोजी पुण्यात जिल्हा लॉ लायब्ररीपुढे बोलताना लोकशाहीच्या यशासाठी ज्या अटी सांगितल्या, त्यांत विरोधी पक्ष असणे ही एक अट होती. ती दिल्लीपुरती आहे असे आम्ही मानत नाही.

राज्य आयोगाने 2018 मध्ये स्थानिक निवडणुकांत 'नोटा'ला काल्पनिक उमेदवाराचा दर्जा दिला; 'नोटा'ला सर्वाधिक मते पडली तर फेरनिवडणूक. पण मतदान झाले तरच ना? आमचे म्हणणे एवढेच, की एकच अर्ज उरला तरी यंत्र गावात यावे आणि त्यावर दोन बटणे असावीत : एक उमेदवाराचे, दुसरे 'नोटा'चे. त्यासाठी कामाचा खाडा पडला तरी चालेल.