घरच्या माणसांचा बालचित्रकार

आपल्या गावाकडील बहुतेक ख्रिस्ती घरांत, बैठकीच्या भिंतीवर दोन-चार जुनी छायाचित्रे टांगलेली असतात. वडिलांच्या लग्नाचे एक, कोणाच्या तरी पहिल्या ख्रिस्तप्रसादाचे एक, आणि आजोबांचे, खुर्चीवर ताठ बसलेले. सारी माणसे श्वास रोखून उभी. परंतु अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडणारी आजी, सायकलवरून धडपडणारा धाकटा भाऊ, पायऱ्यांवरून हसत उतरणारी आतेबहीण, यांचे चित्र आपल्यापैकी किती घरांत सापडेल? अशा गोष्टींसाठी फोटोग्राफरला कोण बोलावणार, असेच आपण म्हणत आलो.

वाचकहो, फ्रान्स देशातील एका मुलाने नेमक्या याच गोष्टी टिपल्या. त्याचे नाव जाक आंरी लार्तीग. पॅरिसला लागून असलेल्या कूर्बव्वा या गावी १८९४ च्या जून महिन्यात त्याचा जन्म झाला. घर श्रीमंतांचे होते, हे आरंभीच सांगितलेले बरे. कारण त्या काळी कॅमेरा आणि काचेच्या पट्ट्या ही गरिबाघरची वस्तू नव्हती. तथापि श्रीमंतांची मुले तेव्हाही पुष्कळ होती, आणि त्यांतील कितीकांच्या हाती कॅमेरे आले असतील. लार्तीग मात्र एकच झाला.

लहानपणी तो प्रकृतीने नाजूक होता. आनंदाचा क्षण हातातून निसटून जातो, याचे त्याला फार दुःख होई. त्यावर त्याने एक बालिश युक्ती शोधून काढली होती, असे त्यानेच पुढे सांगितले आहे. डोळे झटकन मिटावयाचे, पुन्हा विस्फारून उघडावयाचे आणि स्वतःभोवती गिरकी घ्यावयाची, म्हणजे समोरचे दृश्य रंगवासासकट आत पकडले जाते, अशी त्याची समजूत. काही दिवसांनी ती युक्ती चालेनाशी झाली आणि मूल खिन्न झाले. वडिलांना स्वतःस छायाचित्रणाची आवड होती. १९०२ साली त्यांनी या सात-आठ वर्षांच्या मुलास तिपाईवरचा मोठा लाकडी कॅमेरा दिला. त्यात डोकावण्यासाठी त्यास स्टुलावर चढावे लागे. काचेची पट्टी भरणे, ती अंधारात धुणे, कागदावर छाप उठविणे, हे सारे त्याने वडिलांच्या शेजारी उभे राहून शिकून घेतले. मुलाचा छंद पाहून ‘अभ्यास कर’ म्हणणारे वडील आपण पाहतो, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे असते असेही नाही. पण अंधाऱ्या खोलीत मुलाबरोबर उभे राहणारे वडील विरळाच.

मग त्या मुलाने काय टिपले? घर! दूदू नावाची त्याची दाई चेंडू वर फेकीत आहे. आई, वडील, मांजर. १९०५ साली त्यास आपल्या खेळण्यांतील शर्यतीच्या मोटारींचे चित्र हवे होते. कॅमेरा उंचावर ठेवला असता तर ती केवळ खेळणी दिसली असती. म्हणून त्याने तो जमिनीवरच ठेवला, मुलाच्या डोळ्यांना खेळताना जसे दिसते अगदी तसे. त्याच वर्षी बिशोनाद या लाडक्या नावाची त्याची चुलत बहीण घराच्या दगडी जिन्यावरून उडी मारीत असता त्याने तिला हवेतच धरले. लांब झगा, डोक्यावर टोपी, आणि दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले. थोरल्या पिढीतील छायाचित्रांत माणसे ताठ बसलेली दिसतात, याचे एक कारण हे की पूर्वीच्या पट्ट्यांना प्रकाश मिळण्यास वेळ लागे आणि हललेला चेहरा पुसट होई. लार्तीगच्या बालपणी जलद पट्ट्या आणि जलद उघडझाप करणारे पडदे मिळू लागले होते. साधन पुष्कळांपाशी होते. उडी मारणाऱ्या बहिणीकडे ते वळवावे, हे या अकरा वर्षांच्या पोरास सुचले.

त्याचा थोरला भाऊ मॉरिस, घरचे नाव झिसू, हा तर प्रयोगांचे भांडारच होता. फ्रान्सच्या ओव्हेर्न्य प्रांतात रूझा येथे या कुटुंबाचा वाडा होता. तेथे भावंडे चाकांच्या गाड्या बनवून उतारावरून सोडीत आणि आपटत. १९१० साली झिसूने बनविलेले बिनइंजिनाचे विमान जमिनीवरून उचलले गेले, तेव्हा खाली धावणाऱ्या नातेवाइकांसकट ते दृश्य सोळा वर्षांच्या जाकने टिपले. पुढच्याच वर्षी झिसू गळपट्टी आणि टोपी अशा पूर्ण पोशाखात, टायरच्या नावेत बसून पाण्यावर तरंगत आहे, असे एक चित्र आहे. ते पाहून हसू आवरत नाही. पॅरिसच्या रस्त्यावर फिरावयास येणाऱ्या नटव्या स्त्रियांची चित्रेही त्याने याच वयात घेतली. बाकावर बसून अंतराचा अंदाज घ्यावयाचा आणि बाई जवळ आली की कळ दाबावयाची. त्या आवाजाने कोणी रागावले तर ते ऐकून घ्यावयाचे!

मोटारींच्या एका शर्यतीत, १९१२-१३ च्या सुमारास, त्याने धावत्या गाडीबरोबर कॅमेरा फिरविला. परिणाम विलक्षण झाला. चाके लांबट होऊन पुढे कलली, कडेचे प्रेक्षक मागे झुकले, आणि गाडीचा पुढचा भाग चौकटीबाहेर राहिला. त्याच्या कॅमेऱ्यातील फट पट्टीवरून हळूहळू सरके, म्हणून असे झाले. दीर्घकाळ ते फसलेले चित्र मानले गेले. आज तेच वेगाचे सर्वांत प्रसिद्ध चित्रांपैकी एक आहे.

१९१४ साली महायुद्ध आले आणि ते सुखाचे युग संपले. लार्तीगने पोटासाठी चित्रकलेचा मार्ग धरला. पुढील आयुष्य त्याच्या बालपणाइतके हसरे नव्हते. पहिल्या पत्नीपासून झालेली मुलगी काही महिन्यांतच, १९२४ साली दगावली. संसारही एकसंध राहिला नाही. घरची संपत्ती ओसरली. छायाचित्रे मात्र तो काढीतच राहिला आणि स्वतःच्या हाताने अल्बमांत लावीत राहिला. अशा अल्बमांची संख्या शंभराच्या वर गेली.

जगास याचा पत्ता पन्नास वर्षे नव्हता. १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात जॉन शार्कोव्स्की यांनी त्याचे प्रदर्शन भरविले, तेव्हा लार्तीग एकोणसत्तर वर्षांचा होता. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरच्या ‘लाइफ’ साप्ताहिकात त्याची चित्रे छापून आली. तोच अंक राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येच्या वार्तेचा होता. घरोघर शोकाने उघडलेल्या त्या पानांत एका फ्रेंच मुलाने टिपलेली खेळकर दृश्ये होती.

लहानपणापासून तो रोजनिशी ठेवी. त्यात दिवसाचे हवामान, कोण भेटले, कोठे गेलो हे लिही, आणि टिपलेल्या दृश्याचे रेखाचित्रही काढी. अल्बमांत चित्राखाली नाव, ठिकाण आणि साल लिहिण्याची त्याची रीत. म्हणूनच आज सव्वाशे वर्षांनंतरही ती उडी मारणारी मुलगी बिशोनाद आणि टायरच्या नावेतील तो गृहस्थ झिसू, हे ठाऊक आहे. आपल्या घरच्या पेटीतील जुन्या चित्रांच्या पाठी पाहाव्यात. बहुधा कोऱ्याच निघतात, आणि नावे सांगणारी एखादी म्हातारी मावशी काय ती उरलेली असते.

१९७९ साली लार्तीगने ते सारे अल्बम, काचा आणि रोजनिश्या फ्रेंच सरकारच्या स्वाधीन केल्या. १९८६ च्या सप्टेंबरात, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, नीस शहरी त्याचे देहावसान झाले.