लुतभरें कुत्रें आणि दत्तपूरची वाट

एखाद्याला किती अपमानानें घालवून दिलें हें सांगावयाचें झालें म्हणजे आपल्या घरोघरीं एकच वाक्प्रचार तोंडीं येतो : 'लुतभऱ्या कुत्र्यासारखें हांकललें!' या बोलण्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती ही कीं, लूत लागलेल्या कुत्र्याला हांकलणें रास्तच होय. अन्याय काय तो माणसाला तसें वागविण्यांत. हें गृहीत एकदां तपासून पाहावें असें आम्हांस वाटतें, आणि त्यासाठीं वर्धा जिल्ह्याइतकें योग्य स्थळ आम्हांस दुसरें दिसत नाहीं.

लूत हा एका अतिसूक्ष्म किड्यामुळें होणारा कातडीचा रोग आहे. योग्य औषध दिलें तर तो बरा होतो व झडलेले केंस पुन्हा येतात. पण औषध देणार कोण? उंबरठ्याशीं आलेल्या त्या जिवाला आपण दगड मारतों. दगड खाऊन वाढलेलें कुत्रें माणसाचा हात वर झालेला पाहतांच दांत विचकतें. आणि ते दांत पाहून आपण म्हणतों, 'पाहा, जात्याच दुष्ट!' आपणच घडविलेला पुरावा आपणच पुढें करतों, याचें भान कोणास राहत नाहीं.

कुष्ठरोग्याच्या बाबतींत नेमकें हेंच घडत आलें आहे. या रोगाचा जंतु नॉर्वेच्या हॅन्सननें १८७३ सालीं शोधून काढला, तेव्हां पूर्वजन्मींचें पाप व कुळाचा दोष या दोन्ही कल्पनांचा आधार तुटावयास हवा होता. बहुतेक माणसांच्या अंगीं या जंतूस तोंड देण्याची शक्ति उपजतच असते, हेंही आतां सिद्ध झालें आहे. बोटें आंखूड होतात तींही या रोगानें सरळ खाल्ल्यामुळें नव्हेत. मज्जातंतु बधिर झाल्यामुळें चुलीवरचें तापलेलें भांडें हातास कळत नाहीं. भाजतें, जखम होते, चिघळते, आणि वर्षानुवर्षें असें चालून हात विद्रूप होतो. उपवर मुलीच्या पाठीवर बधिर चट्टा दिसला तर आई तो पदराआड दडविते, कारण गोष्ट बाहेर फुटली तर तिचेंच काय, धाकट्या बहिणींचेंही लग्न मोडावयाचें. दोन-चार वर्षें अशीं लपविण्यांत जातात, आणि ज्या रूपाचें भय होतें तेंच रूप अखेर प्रकट होतें. आमच्या मतें या रोगाचा अर्धा क्रूरपणा जंतूचा नव्हे, शेजाऱ्यांचा आहे.

विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनीं १९३६ सालीं वर्ध्याजवळ दत्तपूर येथें कुष्ठधाम उभारलें. (घरच्या तसबिरींत दत्तगुरूंच्या पायांशीं चार श्वान असतात, त्यांना आपण हळदकुंकू वाहतों, रस्त्यावरच्या पांचव्याची गोष्ट निराळी!) परचुरेशास्त्र्यांची कथा तर आपल्यासारख्या घरांनीं विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे. संस्कृताचे हे गाढे पंडित. येरवड्याच्या तुरुंगांत असतांना त्यांचा गांधीजींशीं संबंध आला. अंगावर कुष्ठ उमटल्यावर विद्या, कुळ, कारावास यांपैकीं कांहींच त्यांच्या कामीं आलें नाहीं. १९३९ च्या सुमारास ते सेवाग्रामास आले. गांधीजींनीं आपल्या कुटीनजीक त्यांना झोंपडी बांधवून दिली आणि स्वतःच्या हातांनीं त्यांचें अंग चोळलें. जो हात लावावयाचा नाहीं असें सारें जग म्हणत होतें, तोच लावला गेला. औषधापेक्षां या गोष्टीचें मोल आम्हांस अधिक वाटतें. पुढें शास्त्रीबुवा दत्तपुरास राहिले.

१९५१ सालीं वर्ध्यासच गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान निघालें. डॉ. वर्देकरांच्या देखरेखीखालीं कार्यकर्ते घरोघर जाऊन तपासणी करूं लागले, लोकांस समजावूं लागले, आणि रोग्याला कोंडून न ठेवतां त्याच्या गांवींच औषध देऊं लागले. कायदा मात्र सावकाश जागा झाला. भिकेस लागलेल्या कुष्ठरोग्यास पकडून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा २०१६ सालीं रद्द झाला, आणि कुष्ठ हें घटस्फोटाचें कारण राहिलें नाहीं तें २०१९ पासून.

कुत्र्यांविषयीं आज हाच वाद नव्यानें चालला आहे. मार्च २०२४ मध्यें केंद्र सरकारनें तेवीस जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास व विक्री बंद करण्याविषयीं राज्यांना पत्र धाडलें. पुढच्याच महिन्यांत कर्नाटकाच्या उच्च न्यायालयानें तें रद्द ठरविलें. ११ ऑगस्ट २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दिल्लीचीं भटकीं कुत्रीं सरसकट उचलण्याचा हुकूम दिला. २२ ऑगस्टला तो बदलून, लस टोंचून व निर्बीज करून तीं पूर्वींच्या जागीं सोडावींत, मात्र पिसाळलेलीं व अंगावर येणारीं सोडूं नयेत, असें ठरविलें. श्वानदंशाचें भय आम्ही थट्टेवारी नेत नाहीं. पिसाळण्याचीं लक्षणें माणसांत दिसूं लागलीं कीं वैद्य जवळजवळ हतबलच होतो, आणि ज्या घरचें मूल गेलें त्या घरीं कुत्र्याची बाजू मांडावयास कोणीं जाऊं नये. परंतु चावणारें कुत्रें वेगळें काढणें आणि साऱ्या जातीस दोषी धरणें, यांतलें अंतर त्या दुसऱ्या हुकुमानें ओळखलें.

गृहिणींसाठीं एवढें लिहून ठेवतों : अंगावर फिकट वा तांबूस चट्टा दिसला व तेथें स्पर्श कळत नसला, तर सरकारी दवाखान्यांत दाखवावा. औषध सहा महिने किंवा वर्षभर घ्यावें लागतें. तें सुरू झाल्यावर लौकरच त्या व्यक्तीपासून रोग पसरण्याचें थांबतें. ताट-वाटी वेगळी मांडण्याचें कारण उरत नाहीं. औषधास पैसे पडत नाहींत.