सनदी शालेय जिल्हे : जॉर्जिया राज्यातील एक व्यवस्था

अमेरिकेच्या आग्नेय भागातील जॉर्जिया राज्यात १५९ काउंट्या असून प्रत्येकीचा स्वतंत्र शालेय जिल्हा आहे. त्यांत, आपल्या शाळा आपणच चालवण्याचा जुना हक्क राखून असलेल्या २१ शहरांची भर घातली म्हणजे जिल्ह्यांची एकूण संख्या १८० होते. या सर्व जिल्ह्यांना राज्याने अशी ताकीद दिली होती, की ३० जून २०१५ या तारखेपर्यंत प्रत्येकाने पुढील कारभाराचा आपला मार्ग निवडून कळवावा. मार्ग तीन होते. राज्याशी सनदेचा करार करून शिक्षणसंहितेच्या बहुतेक कलमांतून एकदम मोकळे व्हावे, हा पहिला. नेमक्या कोणत्या नियमांतून सूट हवी ते सांगून तिच्या मोबदल्यात नेमकी कोणती उद्दिष्टे गाठू ते लिहून द्यावे, हा दुसरा. आणि काहीही न मागता संहितेच्या प्रत्येक कलमाखाली पूर्ववत नांदावे, हा तिसरा. अखेरीस तिसरा मार्ग पत्करणारे दोघेच निघाले, एक ब्यूफर्ड हे शहर आणि दुसरी वेब्स्टर ही विरळ वस्तीची ग्रामीण काउंटी. उरलेल्या सर्वांनी कोणत्या ना कोणत्या रूपात मोकळीक मागितली.

मोकळीक कोणी मागितली यात नवल काहीच नाही. सवलत दारात आली असता तिला नाही म्हणणारा कारभारी विरळा. विचार करण्याजोगा प्रश्न तिच्या पुढचा आहे. सार्वजनिक पैशाने चालणारी, शेकडो शिक्षक आणि सहस्रावधी मुले जिच्या छत्राखाली आहेत अशी एक संपूर्ण संस्था नियमांच्या चौकटीतून बाहेर काढली, तर ती मोकळीक शेवटी कोणाच्या हाती पडते, जिल्ह्याच्या मध्यवर्ती कचेरीच्या की वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाच्या, हा तो प्रश्न होय. आणि जॉर्जियातील व्यवस्थेचा परिचय करून घ्यावयाचा तो मुख्यतः याच प्रश्नाच्या अनुरोधाने.

शाळेला सनद द्यावी ही कल्पना मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात शिक्षण-प्रशासन शिकवणारे रे बड यांची. १९७४ साली त्यांनी ती एका निबंधात प्रथम मांडली तेव्हा तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. १९८८ मध्ये तीच कल्पना विस्ताराने पुस्तकरूपाने आली तेव्हा मात्र काळ बदललेला होता. आज ज्यांना सनदी शाळा म्हणतात त्या स्वतंत्र, स्पर्धक शाळांचा बड यांच्या मूळ योजनेत मागमूसही नव्हता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यांचा विषय शालेय जिल्ह्यांची पुनर्रचना हाच होता: जिल्ह्याच्या शिक्षण मंडळाने आपल्याच शिक्षकांच्या गटांना काही वर्षांच्या मुदतीची सनद द्यावी, शिकवण्याचा एखादा विभाग वा कार्यक्रम त्यांच्या स्वाधीन करावा, आणि मुदतीअंती फळ तपासावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी शिक्षकांच्या एका मोठ्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष अल्बर्ट शँकर यांनी वॉशिंग्टन येथील जाहीर भाषणात ही कल्पना उचलून धरली आणि ती देशभर गाजली. १९९१ मध्ये मिनेसोटा राज्याने पहिला कायदा केला, १९९२ मध्ये सेंट पॉल शहरात पहिली सनदी शाळा उघडली. परंतु तोवर कल्पनेने जिल्ह्याचे घर सोडले होते. सनदी शाळा ही जिल्ह्याबाहेरची, जिल्ह्याशी विद्यार्थ्यांसाठी स्पर्धा करणारी संस्था झाली, आणि काही वर्षांतच खुद्द शँकर तिचे टीकाकार बनले.

जॉर्जियानेही आरंभी हाच रस्ता धरला. १९९३ च्या कायद्याने अस्तित्वात असलेल्या सरकारी शाळांना सनद घेण्याची मुभा दिली, १९९८ च्या कायद्याने नव्याने निघणाऱ्या शाळांनाही ती खुली केली. मात्र २००७ मध्ये, नायब राज्यपाल केसी केगल यांच्या आग्रहाने, सनदी जिल्ह्यांचा जो कायदा झाला त्याने एक वेगळीच वाट काढली: एका शाळेऐवजी अख्ख्या जिल्ह्याला सनद देण्याची. डेकेटर, गेन्सव्हिल आणि मॅरिएटा ही शहरे २००८ मध्ये या वाटेने गेलेल्या पहिल्या जिल्ह्यांपैकी होत. त्याच सुमारास राज्याने जिल्ह्यांना डावलून परस्पर सनदी शाळा मंजूर करणारा एक आयोगही नेमला होता. त्यावर ग्विनेट काउंटीसह काही जिल्हे न्यायालयात गेले, २०११ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी तो आयोग घटनाबाह्य ठरवला, आणि २०१२ मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर करून त्याचे पुनरुज्जीवन केले. या झगड्याच्या धुरळ्यात सनदी जिल्ह्यांची व्यवस्था काहीशी झाकली गेली, तरी तत्त्वाच्या दृष्टीने बड यांच्या मूळ कल्पनेच्या अधिक जवळ तीच होती.

या सनदेने सुटका होते ती कशापासून, हे कळण्यासाठी आधी राज्याचा १९८५ चा शिक्षण कायदा पाहिला पाहिजे. प्रत्येक मुलाला किमान दर्जाचे शिक्षण मिळावे या सद्हेतूने केलेल्या या कायद्याने व त्याच्या आधाराने झालेल्या नियमांनी वर्गात किती मुले असावीत, शाळेचे वर्ष १८० दिवसांचे असावे, शिक्षकाकडे कोणते प्रमाणपत्र असावे, त्याला कोणत्या श्रेणीने वेतन द्यावे आणि कोणत्या शीर्षाखाली आलेला पैसा कोणत्या शीर्षाखाली खर्चावा, हे सारे बारकाईने ठरवून ठेवले होते. २००६ मध्ये त्यात आणखी एका दंडकाची भर पडली: जिल्ह्याच्या खर्चापैकी किमान ६५ टक्के रक्कम प्रत्यक्ष वर्गातील अध्यापनावर खर्ची पडली पाहिजे. हेतू उत्तम, परंतु समुपदेशक, ग्रंथपाल आणि परिचारिका ही मंडळी अशा हिशेबात वर्गाबाहेरची ठरत असल्यामुळे, ज्या शाळेतील मुलांना शिक्षकाइतकीच परिचारिकेची गरज होती तिच्या मुख्याध्यापकाला हा दंडक जाचक वाटावा हे स्वाभाविक होते.

याहून खोलवर रुतलेली बाब वेळेची होती. माध्यमिक शाळेत एखाद्या विषयाचे श्रेयांक मिळवावयाचे तर ठरावीक तास वर्गात बसलेच पाहिजे, ही पद्धत कार्नेगी प्रतिष्ठानाच्या पुरस्काराने विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाली आणि अमेरिकेतील शिक्षणव्यवस्थेच्या हाडीमांसी खिळली. जो विद्यार्थी चार महिन्यांत बीजगणित आत्मसात करतो त्यानेही वर्ष काढावे, आणि ज्याला दीड वर्ष हवे त्याला वर्षाअखेरीस नापासाचा शिक्का मिळावा, असा तिचा न्याय. सनद घेतलेल्या जिल्ह्याला आसनावर बसल्याच्या तासांऐवजी विषयावरील प्रभुत्व हे माप लावता येते. माध्यमिक शाळेत शिकतानाच तंत्र-महाविद्यालयाचे अभ्यासक्रम पुरे करू देता येतात. कारखान्यातील उमेदवारीला अभ्यासाचे मोल देता येते. शेवटच्या दोन गोष्टींचा वस्तुपाठ जॉर्जियापाशी होताच. न्यूनन गावी २००० साली काउंटीच्या शाळा, तंत्र-महाविद्यालय आणि स्थानिक उद्योजक यांनी मिळून उघडलेले केंद्र हे स्वतः एक सनदी विद्यालय होते, आणि राज्यभर पुढे निघालेल्या व्यवसाय-प्रबोधिनींनी त्याचाच कित्ता गिरवला.

ही मुखत्यारी अमर्याद नाही. संघराज्याचे कायदे, नागरी हक्क, अपंग मुलांच्या शिक्षणाची तरतूद, आरोग्य व सुरक्षिततेचे नियम, राज्याच्या परीक्षा आणि त्यांवर आधारलेले मूल्यमापन यांपैकी कशातूनही सनद सूट देत नाही. शिवाय ती मुदतबंद असते. पहिली सनद सामान्यतः पाच वर्षांची, आणि तिच्यात नोंदलेली उद्दिष्टे साधली नाहीत तर राज्य शिक्षण मंडळाला नूतनीकरण नाकारता येते. साधने तुमची, साध्य मात्र लेखी आणि तपासण्याजोगे, असा हा व्यवहार आहे.

व्यवहाराचे दुसरे कलम सर्वांत महत्त्वाचे. सनद घेणाऱ्या जिल्ह्याने प्रत्येक शाळेत एक नियामक मंडळ स्थापिले पाहिजे, आणि कर्मचारी-नेमणुका, पैसा, अभ्यासक्रम, साधनसामग्रीचे वाटप, सुधारणेची उद्दिष्टे आणि शाळेचा दैनंदिन कारभार या बाबींत त्या मंडळाला निर्णयाचा काही खरा वाटा दिला पाहिजे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. राज्याने जिल्ह्याला दिलेली मोकळीक जिल्ह्याने शाळेला द्यावी, हे तिचे मर्म. दुसऱ्या मार्गात, म्हणजे निवडक सवलतींच्या करारात, असे बंधन नाही, आणि ग्विनेटसारख्या विशाल जिल्ह्यांना तोच मार्ग सोयीचा का वाटला याचे एक कारण येथे सापडते. जॉर्जियातील सरकारी शिक्षकांना सामुदायिक वाटाघाटींचा हक्क नाही, ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे नियामक मंडळावरील शिक्षकाच्या जागेचे मोल अधिकच कळते.

या मोकळिकीचे रूप लहान जिल्ह्यात कसे दिसते ते गेन्सव्हिल येथे पाहावे. कुक्कुटपालनाची जागतिक राजधानी असे स्वतःला म्हणवून घेणारे हे गाव. तेथील कोंबड्यांच्या कारखान्यांत मजुरीला आलेल्या स्पॅनिशभाषी कुटुंबांची मुले आज शाळांत बहुसंख्य आहेत. येथील प्राथमिक शाळांनी आपापले स्वतंत्र शैक्षणिक मत पाटीवर लिहून मिरवले. एनोटा शाळा हॉवर्ड गार्डनर यांच्या बहुविध बुद्धिमत्तेच्या सिद्धांतावर उभी. न्यू हॉलंड शाळा ई. डी. हर्श यांच्या मूलभूत ज्ञानाच्या अभ्यासक्रमावर. फेअर स्ट्रीट शाळा आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएटच्या पद्धतीवर. आणखी एक शाळा ललितकलांवर. प्रत्येक मुलाची बुद्धी वेगळ्या वाटेने फुलते असे मानणारे गार्डनर आणि सर्व मुलांना एकच सामाईक ज्ञानभांडार मिळाले पाहिजे असे प्रतिपादणारे हर्श हे शिक्षणशास्त्रातील दोन ध्रुव. ते एकाच छोट्या गावात, एकाच शिक्षण मंडळाच्या छत्राखाली शेजारी नांदले, आणि कोणत्या दारी जायचे ते पालकांनी ठरवायचे, ही गोष्ट एकसुरी नियमावलीच्या अमलात सहजी घडण्यासारखी नव्हे.

मोठ्या जिल्ह्याची कथा निराळी. १ जुलै २०१२ रोजी सनदी झालेली फुल्टन काउंटी त्या वेळी राज्यातील सर्वांत मोठा सनदी जिल्हा ठरली. अटलांटा शहराचा स्वतःचा जिल्हा मध्ये पडल्यामुळे तिचे उत्तर व दक्षिण असे दोन तुकडे झाले आहेत. उत्तरेस अल्फारेटा, जॉन्स क्रीक, रॉसवेल ही संपन्न उपनगरे, जेथे भारतीय कुटुंबांची, त्यांत मराठीही, मोठी वस्ती आहे; दक्षिणेस विमानतळालगतची कॉलेज पार्क, युनियन सिटी ही तुलनेने गरीब, बहुतांशी कृष्णवर्णीय गावे. अशा दोन टोकांना एकच वेळापत्रक आणि एकच खर्चाचा तक्ता लावणे ही मुळातच विसंगती. अधीक्षक रॉबर्ट अवोसा यांच्या कारकिर्दीत फुल्टनने शाळांचे गट पाडून टप्प्याटप्प्याने नियामक मंडळे उभी केली. पालक आणि शिक्षक यांचे प्रतिनिधी निवडणुकीने आले, समाजातील प्रतिनिधी नियुक्त झाले. या मंडळाने शाळेचा आराखडा मंजूर करावा, आणि एखादा नियम आड येत असेल तर सवलतीचा लेखी अर्ज जिल्ह्याकडे पाठवावा, अशी तजवीज होती. नव्या उपक्रमांसाठी बीजभांडवलाचा निधीही राखला गेला. जॉन्स क्रीकमधील एखाद्या मराठी आईला शाळेच्या खर्चाच्या प्राधान्यक्रमावर मत देता येते ते या निवडणुकीमुळे.

इतके सांगितल्यावर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. राज्याने २००३ पासून शिक्षणाच्या अनुदानात काटकसरीची कपात सुरू केली आणि ती दीड दशक चालली. मंदीच्या काळात वर्गातील मुलांच्या संख्येवरील मर्यादा सर्वांसाठीच शिथिल झाली, आणि कित्येक जिल्ह्यांनी १८० दिवसांचे वर्ष आखूड केले. म्हणजे नियमांपासून मिळालेली सूट अनेक ठिकाणी नवोपक्रमाच्या कामी न येता तूट भरून काढण्याच्या कामी आली. वर्गात पस्तीस मुले बसवण्याची मुभा हीही मोकळीकच. परंतु तिला नावीन्य म्हणणे धारिष्ट्याचे होईल. प्रमाणपत्राची अट सैल झाल्याने अप्रशिक्षितांची भरती होईल ही शिक्षकांची शंकाही निराधार म्हणता येत नाही. नियामक मंडळांविषयीची तक्रार तर जुनीच आहे: ज्या वस्तीत पालकांना दोन नोकऱ्या कराव्या लागतात तेथे मंडळाच्या निवडणुकीला उमेदवार मिळणे कठीण, आणि जेथे ते सहज मिळतात तेथे शाळेची स्थिती आधीच बरी असते. आणि ज्या ब्यूफर्डने सनद नाकारली, तेथील शाळा निकालांच्या बाबतीत राज्यात अग्रभागी गणल्या जातात; तेव्हा मोकळीक म्हणजेच गुणवत्ता असे समीकरण मांडण्यास आधार नाही.

तरीही या व्यवस्थेचे एक श्रेय मान्य केले पाहिजे. शाळा सुधारायची तर ती सार्वजनिक व्यवस्थेबाहेर नेली पाहिजे, हा गेल्या तीस वर्षांतील प्रबळ समज तिने निदान कायद्याच्या पातळीवर खोडून काढला. निवडून आलेले मंडळ, सर्वांना खुला प्रवेश आणि करदात्याचा पैसा हे तिन्ही कायम ठेवूनही नियमांची गाठ सैल करता येते, हे तिने दाखवले. मात्र कायदा अधिकार राज्याकडून जिल्ह्यापर्यंत आणून ठेवतो. तेथून शाळेपर्यंतचे अंतर प्रत्येक जिल्ह्याच्या मध्यवर्ती कचेरीने स्वखुशीने आपले अधिकार सोडूनच कापावे लागते. म्हणून एखादा सनदी जिल्हा पारखताना त्याने राज्याच्या किती नियमांतून सूट घेतली याची मोजदाद करू नये. त्याच्या मुख्याध्यापकांनी आणि नियामक मंडळांनी गेल्या वर्षी स्वतःच्या सहीने कोणते निर्णय घेतले, आणि त्यांपैकी किती वरच्या कचेरीने फिरवले, एवढेच विचारावे. सनद खरी की कागदी, याचा निवाडा त्या उत्तरावरच होतो.